अर्थ नसलेलं घर

पेणजवळ गडब गावात, हायवेवर एका वायरमनचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, आणि तो मला ‘पेणवाले’ एवढंच म्हणतो. दोन वायरींना जोडलेला बल्ब हा त्याचा टेस्टर. पेटला की ‘हाय’, नाही पेटला की ‘नाय’. मधलं तो काही बोलत नाही.

जीपमागे ओढायचं चाकांवरचं घर मी हौसेनं घेतलंय. जीप चालली की घरातली बॅटरी चार्ज व्हायला हवी. पण तीनदा असं झालं, की रोह्याला मुक्कामी पोचलो आणि पंखा घटकाभर फिरून थांबला. बॅटरी बदलूनही फरक पडेना, तेव्हा त्याच्याकडे नेलं. तो घराखाली शिरला. ‘हाय, हाय, हाय’ असं ऐकू येत राहिलं, मग एकदम ‘नाय’.

बाहेर येऊन म्हणाला, “याला अर्थच नाय.”

“मी दोन वर्षं हेच सांगतेय,” जीपमधून बायको म्हणाली.

अर्थिंगची वायर सोडवून मी सांगाड्याला ऑइलपेंटचे दोन हात दिले होते, आणि वायर त्या रंगावरच पुन्हा आवळली होती; रंगातून करंट जाणार कसा?

“पेणची मान्सं,” तो रंग खरवडत म्हणाला, “दिसेल त्याला गणपती समजून रंगवतात.”

वायर बसली, जीप सुरू केली, पंखा फिरला.

“आता अर्थ आला,” मी बायकोला ऐकू जाईल असं म्हणालो.

तो मात्र आदरानं जीपकडे बघत होता.

“वैनींनी टेस्टर न लावता सांगितलं?”