घंटा झाल्यावर बोललेलं

वर्ला ओस्टरगार्ड आमच्या ओल्स्टनच्या नगरपरिषदेत सव्वीस वर्षं चिटणीस होती, आणि त्या सव्वीस वर्षांत तिने एकही सभा चुकवली नाही. नवऱ्याला दुपारी पुरलं, त्या संध्याकाळीही ती काळ्या कपड्यांतच येऊन वही उघडून बसली होती. मी सहा नगरसेवकांपैकी एक, उत्तर टोकाच्या वॉर्डातून निवडून आलेला. माझं टायरचं दुकान आहे. सभेत मी बहुतेक वेळ पेंगत असे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला उगाच भला माणूस समजाल.

सभा महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी. मोकाट कुत्री, बारचा परवाना, दफनभूमीचा रस्ता, कुठल्याशा चौकात थांबण्याची पाटी हवी की नको, असले विषय. शेवटी नागरिकांचं म्हणणं. ज्याला बोलायचं त्याने उभं राहून बोलावं, माणशी तीन मिनिटं. वर्लापुढे स्वयंपाकघरातलं पांढरं घड्याळ असे, अंडी उकडताना लावतात तसलं. त्याची घंटा झाली की बोलणाऱ्याने बसायचं. घंटेनंतर बोललेलं इतिवृत्तात जात नसे.

हा नियम वर्लाचाच. कधीकाळी एका गृहस्थाने शेजाऱ्याच्या कुंपणावरून सभेत पाऊण तास तोंडसुख घेतलं होतं, वर्लाने ते शब्दन् शब्द लिहून घेतलं, आणि शेजारी ते कागद घेऊन कोर्टात गेला. तिथे वकिलांनी वर्लाला अर्धा दिवस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. त्यानंतर तिने हा नियम लिहून आणला आणि आम्ही हात वर केले. इतिवृत्तात नाही ते झालंच नाही, असं आमच्याकडे सगळे धरून चालत. बांधकाम खात्याचा रोलंड तर कागद दाखवल्याशिवाय पाना हातात घेत नसे. तीही वर्लाचीच शिकवण. नगराध्यक्षांच्या तोंडी सांगण्यावरून त्याने एकदा एक झाड तोडलं होतं, तेव्हा तिने त्याची भर ऑफिसात बिनपाण्याने केली होती.

त्र्याऐंशी सालच्या जूनमधल्या सभेत एमेट क्रायचेक उभा राहिला. वय सत्तरीच्या पुढे, धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला, हातात टोपी. तो जवळजवळ प्रत्येक सभेला येई आणि रोलंड त्याला पाठीमागे 'आकाशवाणी' म्हणे.

"तळ्यावरची बदकं पुन्हा रस्त्यावर यायला लागलीत," एमेट म्हणाला. मग शेजाऱ्याचं कुत्रं झालं. मग तारांवर टेकलेल्या फांद्या झाल्या. मी घड्याळाकडे बघत होतो. "आणि आणखी एक," तो म्हणाला, आणि घंटा झाली. तो बसता बसता बोललाच, "पहिल्या बुधवारी दुपारी बाराला भोंग्याची चाचणी झाली ना, तेव्हा आमच्या टोकाचा भोंगा वाजलाच नाही. तेवढं बघा."

"थँक्यू, एमेट," नगराध्यक्ष म्हणाले. वर्लाही मान हलवून "थँक्यू, एमेट" म्हणाली. सभा संपली. एमेटने टोपी घातली आणि समाधानाने घरी गेला.

जून हा आमच्याकडे टॉर्नेडोंचा महिना. गावातल्या घरांना तळघरं आहेत, भोंगा वाजला की जिना उतरायचा. उत्तर टोकाला मात्र चाकांवरच्या घरांची वस्ती, साठ माणसं. तिथे तळघर एकच, वस्तीच्या पलीकडे लुथरन चर्चचं. एमेटची बायको ओपल चौकटीची काठी पुढे टेकत टेकत चाले. तिला तिथे पोचायला नऊ मिनिटं लागत, हे एमेटने स्वतः मोजलं होतं. रेडिओवर दिवसभर इशारे चालूच असतात. ते ऐकून पळायचं ठरवलं तर जूनभर कुणाला घास गिळता यायचा नाही. म्हणून सगळ्यांची भिस्त भोंग्यावर. चाचणीच्या वेळी अग्निशमन केंद्रातला माणूस बटण दाबतो, डोक्यावरचा भोंगा ऐकतो आणि वहीत खूण करतो. उत्तरेचा भोंगा दोन मैलांवर. तो वाजला की नाही, हे बघायला कुणी जात नसे.

मंगळवारी सकाळी वर्ला सभेच्या टेपवरून इतिवृत्त उतरवायला बसली. बदकं, कुत्रं, फांद्या टाइप झाल्या. मग टेपवर घंटा वाजली आणि मागून एमेटचं वाक्य आलं. तिने टेप मागे नेली आणि पुन्हा ऐकली. अकरा वाजता ती माझ्या दुकानात आली. एरवी ती टायरच्या वासानेसुद्धा नाक मुरडायची. त्या दिवशी सरळ आत येऊन तेलकट स्टुलावर बसली.

"डुएन, एमेट काय म्हणाला ते तू ऐकलंस ना?"

"बदकांचं?"

"भोंग्याचं."

"ऐकलं की. एमेटचं दर महिन्याला काहीतरी मोडलेलं असतं."

"मी रोलंडला फोन केला," ती म्हणाली. "तो हसतोय. म्हणतो, बाईसाहेब, इतिवृत्तात आहे का? मी म्हटलं, नाही, घंटेनंतरचं आहे. तर म्हणतो, मग मला ऐकूच आलं नाही. माझंच शस्त्र माझ्यावर चालवलं त्याने. शेवटी म्हणाला, शिडीची गाडी दफनभूमीच्या रस्त्यावर अडकलीय, शुक्रवारी चढून बघतो."

"मग झालं तर. शुक्रवार काय लांब आहे?"

"आणि तोवर काही आलं तर?"

मी नट पिळत होतो. वर पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, "वर्ला, त्यांचा भोंगा बंद आहे हे त्यांना तुझ्याआधीपासून माहीत आहे. ते आभाळावर डोळा ठेवून असतीलच. आपल्यापेक्षा तेच जास्त सावध."

तिला ते पटलं. मलाही पटलं होतं.

बुधवार गेला. वर्लाने दोनदा रोलंडला आठवण केली आणि दोन्ही वेळा टोमणे ऐकून घेतले. गुरुवारी दुपारी हवा कुंद झाली, पान हलेना. तीन वाजता पश्चिमेचं आभाळ हिरवट दिसायला लागलं. हा रंग आम्ही सगळे ओळखतो. तो दिसला की बायका बोलता बोलता गप्प होतात. पावणेचारला गावातला भोंगा वाजला. मी दुकानाचं शटर ओढत होतो, तोच वर्लाची गाडी कचकन दारात उभी राहिली.

"एमेटचा फोन वाजतोय, कुणी उचलत नाही. बस आत."

"तळघरात चल, वर्ला. वेड लागलंय का तुला?"

"बस म्हणते ना."

खोटं कशाला सांगू, मला जायचं नव्हतं. माझी पाचावर धारण बसली होती. पण तिचा चेहरा बघून नाही म्हणायची त्याहून जास्त भीती वाटली. गाडी उत्तरेला निघाली तसा भोंग्याचा आवाज मागे पडत गेला. रेल्वेचे रूळ ओलांडले तेव्हा तो बारीक झाला होता. कोठारापाशी पोचलो तेव्हा काहीच ऐकू येईना. खांबावर भोंगा दिसत होता. गप्प. डावीकडे, शेतांपलीकडे, ढगाखाली काहीतरी काळं लोंबत होतं आणि ते हळूहळू जाड होत होतं.

मला वाटलं होतं वस्ती रिकामी असेल, माणसं केव्हाच चर्चकडे गेली असतील. तिथे पाहतो तर एक बाई दोरीवरचे कपडे सावकाश काढत होती. दोघं जण गाडीच्या टपावर पत्ते कुटत होते. पोरं सायकली फिरवत होती.

वर्ला हॉर्नवरचा हात काढत नव्हती. मी खिडकीतून ओरडलो, "चर्चमध्ये चला, सगळे चर्चमध्ये चला."

पत्तेवाल्यांतला एक हसून म्हणाला, "काय नगरसेवक, निवडणूक आली वाटतं? भोंगा कुठे झालाय अजून?"

"तुमचा भोंगा बंद आहे."

"होता. एमेटने सोमवारी तुमच्या सभेत सांगितलं ना? घरोघर जाऊन कळवलंय त्याने, सभेत ऐकून घेतलं, आता दुरुस्त झालाच समजा म्हणून. वाजला की निघू."

वर्लाने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. सोमवारपर्यंत ही माणसं खरोखरच आभाळावर डोळा ठेवून होती. आमच्या त्या दोन थँक्यूंनंतर त्यांनी वर बघायचं सोडून दिलं होतं.

ती गाडीतून उतरली आणि पळायला लागली. साठीला टेकलेली, टाचांच्या बुटातली बाई दारामागून दार बडवत सुटली. पत्तेवाल्यांनी एकदा पश्चिमेला पाहिलं आणि पत्ते टाकून पोरांना काखोटीला मारलं. एमेटच्या घरात मी शिरलो तेव्हा नवरा-बायको टेबलाशी कॉफी पीत बसले होते, मधे ताटलीत कोलाचे, मुरंबा भरलेले गोड पाव. फोन आतल्या खोलीत, तो त्यांना ऐकूच आला नव्हता.

"अरे डुएन," एमेट उठत म्हणाला. "बस. कॉफी घे."

मी सरळ ओपलला उचललं. ती चिमणीएवढी हलकी होती. एमेट तिची काठी घेऊन मागे पळाला. दगडासारख्या गारा पडायला लागल्या होत्या आणि आगगाडी येताना जमीन घरघरते तसा आवाज येत होता. वर्ला चर्चच्या दाराशी उभी राहून माणसं मोजत होती. आम्ही आत आलो तेव्हा ती म्हणाली, "एकोणसाठ. कोण राहिलं?" एका बाईने सांगितलं की लोहाराची सून माहेरी गेली आहे. मग मी, वर्ला आणि दोघे पत्तेवाले अशा चौघांनी मिळून दार लावून घेतलं.

तळघरात दिवे गेले. कुणीतरी बॅटरी लावली. लहान मूल रडत होतं आणि त्याची आई त्याचं डोकं छातीशी दाबून धरत होती. कान दुखायला लागले. मेलो तर बरं होईल, असंही क्षणभर वाटलं. म्हणजे हे कुणाला सांगावं लागणार नाही.

ओपल बाकावर वर्लाशेजारी बसली होती. तिने वर्लाचा हात हातात घेतला. "देव तुझं भलं करो गं," ती म्हणाली. "सोमवारी घरी येऊन हा म्हणालाच होता, ओपल, त्यांनी ऐकून घेतलं, वर्लाने मान हलवली, आता काळजी नाही. भोंगा वेळेत झाला नसेल दुरुस्त, पण म्हणून तुम्ही स्वतः धावत आलात. इतकं कोण करतं?"

आजूबाजूची दोन-चार माणसंही होकार द्यायला लागली. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. वर्ला गप्प बसली असती तर त्या दिवशी आम्ही दोघं गावाचे हीरो झालो असतो. मी मनात म्हणत होतो, गप्प बस, वर्ला, गप्प बस.

"एमेट," ती म्हणाली, "तुम्ही बोललात तेव्हा घंटा झाली होती. मी ते लिहिलंच नाही. भोंग्याला कुणी हात लावलेला नाही. कुणी बघायलासुद्धा गेलं नाही."

"पण तुम्ही थँक्यू म्हणालात."

"ते आम्ही सगळ्यांनाच म्हणतो."

बॅटरीच्या उजेडात एमेट माझ्याकडे वळला. "डुएन, तू ऐकलं होतंस?"

"हो," मी म्हणालो.

मला वाटलं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने एकेका बाकावरून नजर फिरवली. कपडे काढणारी बाई, पत्तेवाले, रडणारं मूल, त्याची आई. मग टोपी काढून तो हळूच म्हणाला, "म्हणजे या सगळ्यांना घरोघर जाऊन मी खोटं सांगितलं."

वरती चर्चचं छप्पर उचकटून निघत होतं. ओपलने वर्लाचा हात सोडला आणि नवऱ्याला जागा करून द्यायला ती बाकावर सरकली.