डाव्या हाताचा पासवर्ड

निपाणीच्या शाळेतून मी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी घरी इंटरनेट घेतलं. मुलगी परदेशात, तिच्याशी कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलता यावं एवढीच हौस. जोडणी करणारा माणूस सगळं लावून देऊन गेला. त्यानंतर कपाटावरच्या वायफायच्या डबीकडे मी कधी लक्ष दिलं नाही. दिवे लागलेले दिसले की झालं.

मागच्या वर्षी एका सकाळी फौजदार दारात आले, सोबत एक महिला पोलीस. दोघंही कानडीत, शांतपणे बोलत होते. चिकोडीकडच्या एका तरुण बाईच्या नावाने कुणीतरी खोटं खातं उघडून तिच्या ओळखीच्यांना घाण मेसेज पाठवले होते. ते आमच्या कनेक्शनवरून गेले होते. घरात कोण कोण असतं, असं त्यांनी विचारलं. मी आणि माझे यजमान, दोघंच, मी सांगितलं. अर्ध्या गावाची मुलं माझ्या हाताखालून गेलेली. पोलिसांची जीप दारात बघून लोक काय म्हणतील, हेच डोक्यात.

तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून यजमानांचा उजवा हात उचलत नाही. ते खुर्चीत सरकून बसले आणि म्हणाले, "साहेब, पासवर्ड मीच कंपनीच्या माणसाकडनं काढायला लावलता. ह्या हातानं टायपायला जमत न्हाय. दर खेपेला हिला हाका मारायचा लई कंटाळा आलता."

मला हे ठाऊकच नव्हतं. फौजदारांनी समजावलं, की पासवर्ड नसेल तर घराबाहेर उभा राहिलेला कुणीही तुमचं इंटरनेट वापरू शकतो. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस येऊन डबीतली, कोणकोणते फोन जोडले गेले त्याची यादी उतरवून घेऊन गेला. त्यात आमच्या दोघांचे सोडून नऊ फोन होते.

रविवारी बेळगावहून भाची आली. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. डबीच्या सेटिंगचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच होता, तो तिने आधी बदलला. मग वायफायला कुलूप घालायची वेळ आली, तेव्हा तिने यजमानांना शेजारी बसवून घेतलं. "काका, कीबोर्डच्या डाव्या बाजूची अक्षरं आणि आकडेच घेऊ. लांबलचक करू, पण तुमचा हात कुठं लांब न्यायला नको."

चौदा अक्षरांचा पासवर्ड झाला. त्यांनी तो स्वतः, डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप केला. दोनदा चुकला. तिसऱ्या खेपेला जोडलं गेलं, तेव्हा ते पडद्याकडे बघत राहिले.

आठवड्याने महिला पोलिसाचा फोन आला. माणूस सापडला होता, त्याने कबूलही केलं होतं. आमच्या गल्लीत कुणाकडे तरी येऊन तो समोरच्या कट्ट्यावर बसत असे. "टीचर, तुमचा काही संबंध नाही. आता काळजी करू नका," ती या खेपेला मुद्दाम मराठीत म्हणाली.

मी आत जाऊन यजमानांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "मला वाटलं, तू लई बोलशील मला."

"बोलणार होते," मी म्हटलं. "पण तुम्ही त्यांच्यापुढं खरं सांगितलंत, तेव्हाच राग गेला."

आठ दिवस अर्ध्या भाकरीवर उठणाऱ्या माणसाने त्या दुपारी दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर ताक मागितलं. नंतर आम्ही दोघं असे गाढ झोपलो, की दूधवाला बेल वाजवून वाजवून शेवटी शेजारी दूध ठेवून गेला.