मक्यावर आलेली डुकरीण

जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराख गावी आमची घरमालकीण शिकारी होती. सत्तरी ओलांडलेली, रीतसर परवाना असलेली, बंदूक तळघरातल्या लोखंडी कपाटात. रानडुकरं शेतकऱ्यांची कुरणं नांगरल्यासारखी उकरून टाकायची, म्हणून गावाबाहेरच्या जंगलाचा एक पट्टा तिच्याकडे सोपवलेला होता.

मार्चमधल्या एका शनिवारी तिने दार वाजवलं. "संध्याकाळी माझ्याबरोबर येशील? उजेड कमी झाला की मला हल्ली नीट दिसत नाही."

"अहो, मी मांस खात नाही."

"खायला नाही, बघायला बोलावतेय."

मोकळ्या जागेत तिने दोन मुठी मका टाकला आणि त्यावर चपटे दगड ठेवले. ते उलटवायचा जोर डुकराच्याच नाकात असतो, हरणांना मका मिळत नाही. मग आम्ही साठेक पावलांवरच्या लाकडी मचाणावर चढलो. खोकायचं नाही, हलायचं नाही. तासाभरात माझ्या पायांची बोटं बधिर झाली.

दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. झुडपांतून एक मोठं काळं धूड पुढे आलं होतं. तिने बंदूक खांद्याला लावली आणि ओठही न हलवता विचारलं, "मादी दिसतेय. पिल्लं आहेत बरोबर?"

पिल्लं असलेल्या आईला मारणं इथे गुन्हा आहे. मी दुर्बिणीतून पाहिलं. मागे वाळलेलं नेचं होतं, त्यात काळोख साचला होता. अजून थोडं थांबायला हवं होतं. पण मला थंडी वाजत होती, आणि खरं सांगायचं तर हे एकदाचं संपावं असं वाटत होतं.

"एकटीच आहे," मी म्हटलं.

सेफ्टी सरकल्याचा बारीकसा आवाज झाला. तिने श्वास रोखला. आणि नेच्यातून अंगावर पट्टे असलेलं, मांजराएवढं काहीतरी धडपडत बाहेर आलं. त्याच्यामागे दुसरं.

"नाइन! नको!" मी ओरडलेच.

डुकरीण फुसकारली आणि क्षणात पिल्लांसकट दिसेनाशी झाली. झुडपं मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

घरमालकिणीने बंदूक खाली घेऊन गोळ्या काढल्या. एक तिच्या हातून निसटून फळीवर पडली. मी ती उचलून दिली.

"किती होती?"

"दोन दिसली. सॉरी. मी नीट पाहिलंच नव्हतं."

"बघणं माझं काम होतं," ती म्हणाली. "ते तुझ्यावर ढकललं, तिथेच चुकलं."

 परतताना गाडीत माझ्या मनात ते 'एकटीच आहे' सारखं वाजत होतं. किती सहज म्हणून गेले होते मी! सोमवारी तिने त्या पट्ट्याची जबाबदारी सोडत असल्याचं पत्र लिहिलं आणि कुणाला पटवायचं असल्यासारखं मला वाचून दाखवलं. मी सगळं ऐकून घेतलं. मग आम्ही दोघी चालत पोस्टात गेलो.