वऱ्हाडाला नागपूर दाखवलं तेव्हा

बहिणीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं आणि वऱ्हाड उमरेडहून सकाळच्या पहिल्या मोटारीनेच येऊन पोचलं. उतरायला जानोसा गल्लीतल्या शाळेत दिला होता. चहा-पोहे झाल्यावर बाकांवर बसून पाहुण्यांनी दिवसभर करायचं काय, हा प्रश्न होता. वडील म्हणाले, "तू शिकला-सवरला हायेस. त्याहीले नागपूर दाखवून आन. पन ऊन चढाच्या आत वापस आनजो, मे महिना हाय." मी बावीस वर्षांचा होतो. रामदासपेठेतल्या एका कचेरीत कारकून लागून आठच महिने झाले होते. त्या दिवशी मी नवा टेरिलीनचा शर्ट घातला होता.

निघण्याआधी बहिणीने मला आतल्या खोलीत बोलावलं. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून सहा वर्षं आमचा हातमाग तीच चालवत होती. माझं कॉलेज त्या मागावर झालं. आमच्या विणकरांत बायका सुताच्या कांड्या भरत आणि मागावर पुरुष बसत. सुनेला मागावर बसवायचं असेल तर माहेरच्या माणसाने लग्नाआधी तसं बोलून दाखवायचं, अशी रीत होती. सासरच्यांनी आपणहून विचारलं तर कामासाठी बाई आणली असा अर्थ निघे, आणि नवरीने स्वतः म्हणणं शोभत नसे.

"त्याहीच्या इथं दोन माग हायेत," ती म्हणाली. "एक रिकामाच पडून हाय. तू सासूले सांगजो, लुगड्याचा काठ मी विनते म्हनून. बाबा बोलाले विसरतीन."

"सांगतो."

"अन् उपकार केल्यासारखं नको सांगू. सहज सांगजो."

हे स्थळ तिने त्या रिकाम्या मागासाठीच पसंत केलं होतं, हे मला ठाऊक होतं.

चार सायकलरिक्षा केल्या. पहिल्या रिक्षात नवरदेवाची आई आणि मी. आधी सीताबर्डीचा किल्ला. तो सैन्याच्या ताब्यात, वर सोडत नसत. खालून टेकडी दाखवली तर नवरदेवाचा मामा म्हणाला, "किल्ला दाखवतो म्हनले अन् भिंत दाखवली. नवरीबी अशीच लांबून दाखवसान का गा?" सगळे हसले. मीही हसलो. तिथून महाराजबागेत गेलो. वाघ पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला सावलीत झोपला होता आणि उठायला तयार नव्हता. पोरं खडे मारू लागली, त्यांना मी आवरलं.

तिथे आमचे हेडक्लार्क भेटले, सहकुटुंब. कचेरीत मी सांगून ठेवलं होतं की वडिलांचा कापडाचा व्यापार आहे. मी पाहुण्यांची ओळख करून दिली आणि ते लवकर पुढे जावेत म्हणून वाट पाहत राहिलो. ते गेले नाहीत. त्यांच्या पत्नीला मोराचा पिसारा पाहायचा होता. तेवढ्यात नवरदेवाची आई माझ्याजवळ आली. पदर सारखा करून तिने हळूच विचारलं, "भाऊ, बाबाले तं आता दिसत नाही म्हनता. मंग मागावर कोन बसते?"

रिवाजात राहून जेवढं विचारता येत होतं तेवढं तिने विचारलं होतं. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. हेडक्लार्क दोन हातांवर उभे होते.

"मानूस ठेवला हाय, मावशी," मी म्हणालो.

"अन् पोरगी?"

"ती नाही बसत. तिले कुठं सवय. तिनं कधी धोटा हातात घेतला नाही."

"होय का," ती म्हणाली. "नागपूरची पोर हाय. नाजूकच असन."

परतताना सक्करदऱ्याच्या तलावावर थांबलो. मी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. नवरदेवाची आई काठावर पाय पाण्यात सोडून बसली होती, शेजारी कोणी नव्हतं आणि हेडक्लार्क केव्हाच गेले होते. एक वाक्य फिरवायचं होतं. पण मग तासाभरापूर्वी खोटं का बोललो, हेही सांगावं लागलं असतं. मी शेंगांचा पुडा तिच्या हातात दिला आणि रिक्षावाल्यांना हाक मारली.

घरी बहिणीला हळद लागत होती. बायका जरा बाजूला झाल्या तेव्हा तिने विचारलं, "सांगतलं?"

"सांगतलं."

"काय म्हनल्या?"

"हासल्या."

उमरेडला तो दुसरा माग एका मजुराला दिला गेला. बहीण कांड्या भरायची. पहिलं वर्ष तिने वाट पाहिली. दुसऱ्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा म्हणाली, "सासूले माह्या हातचं पसंत नसन. पाहून तं घ्याचं होतं एकडाव." मी म्हणालो, "असन." हा शब्द मी तेव्हा उच्चारला, हे मला आज लिहायला सर्वांत जड जातं आहे. बाकीचं एका क्षणात घडून गेलं होतं. हे मात्र मी विचार करून म्हणालो.

पुढे तिची सासू मला एकदा दारापर्यंत पोचवायला आली आणि मोठ्या समाधानाने म्हणाली, "तुमच्या बहिनीले म्या मागाकडं फिरकू नाही देलं, भाऊ. तुम्ही बोलले होते ना, सवय नाही म्हनून." मी मान हलवली. त्यानंतर काही वर्षांनी दोन्ही माग विकले गेले.

गेल्या हिवाळ्यात ती म्हातारी वारली. तेरवी आटोपल्यावर मागच्या आंगणात बहीण एकटीच पत्रावळी गोळा करत होती. तिथे मी तिला सगळं सांगितलं. महाराजबाग, हेडक्लार्क, तलाव. ती ऐकताना काम करत राहिली. मग थांबली.

"म्हंजे म्हातारीले माईतच नव्हतं?"

"नाही."

"तिनं नाही म्हनलंच नव्हतं?"

"नाही."

ती मला बोल लावेल, अशी माझी तयारी होती. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच आलो होतो.

"म्हातारी दोन वर्षं खाटेवर होती," ती म्हणाली. "पानी मागे तं मी पोरीच्या हातानं पाठवत होती. जवळ जाऊन बसली नाही कधी. तिनं एकडाव विचारलंबी, काहून वं, माह्याशी बोलत काहून नाहीस. मी म्हनलं, काम हाय."

मग तिने उरलेल्या पत्रावळी उचलल्या. "तू जाय आता. मोटार निघून जाईन."

मी निघालो. मोटारीला अजून तासभर अवकाश होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.