हसवणारे दाजी

दाजी जाऊन वर्ष झालं, तरी पलूसमध्ये लोक अजून म्हणतात, ‘असा हसवणारा माणूस पुन्हा होणे नाही.’ न होवो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. लग्न असो, बारसं असो, माइक त्यांच्याच हातात. मांडवात आले की ओठांवरून जीभ फिरवत आधी माणूस हेरायचे. कुणी तोतरा, कुणी टकला, कुणाची सून माहेरी निघून गेलेली. बाजारात कोंबडी निवडताना बघतात ना, तसं बघायचे. मला शिसारी यायची.

एकदा मी तोंडावर विचारलं, “दाजी, लोकांच्या व्यंगावर कसली वो थट्टा?” सुपारी चघळत म्हणाले, “मेव्हणीबाई, कुणीतरी पडल्याबिगर माणूस हसत न्हाई. चिखलात घसरलेला बघून हसतोय का न्हाई? मी फकस्त ढकलतो.”

घरच्यांना ढकलणं त्यांना जास्त सोपं जाई. अक्का अंगानं भरलेली. “आमच्या मंडळीला स्टेजवर बोलवत न्हाई, मांडववाल्यानं फळ्या हलक्या आणल्यात,” हे मी पन्नासदा ऐकलंय. पन्नासही वेळा लोक पोट धरून हसले. अक्का पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून हसायची. घरी आल्यावर म्हणायची, “हसलं की लवकर सोडत्यात गं. रडलं तर आणि जोर चढतोय.” लेकीलाही तिनं तेच शिकवलं.

त्या लेकीचा, प्रतीक्षाचा, साखरपुडा होता. पाहुणे लोणंदचे. मुलगा पसंत होता, पोरगी मनापासून खूश होती. अक्कानं आदल्या दिवशी दाजींचे पाय धरले होते, “एवढा एक दिस तिच्यावर बोलू नगासा.” ते “व्हय, व्हय” म्हणाले होते.

ओटी भरायच्या आधी दाजींनी माइक घेतला. जीभ ओठांवरून फिरली. पोरगी सावळी. दाजी म्हणाले, “पावणं, लाइट गेली तर घाबरू नगा. पोरीला हस म्हणा, दात दिसत्याल!”

हॉल दणाणला. नवरा मुलगाही हसला. प्रतीक्षा सवयीनं हसत होती, ‘दात’ शब्द ऐकताच मात्र तिनं ओठ घट्ट मिटले.

अक्का उठली आणि नवऱ्याच्या हातातला माइक तिनं काढून घेतला. पदर तोंडावर नव्हता. “विहीणबाई, तुमी लय हसला. ह्यात हसण्याजोगं काय हाय, तेवढं सांगा. मला कळलं न्हाई.”

विहीणबाई निऱ्या सारख्या करू लागल्या. अक्कानं मुलाकडं बघितलं. तो मोबाइलमध्ये बघू लागला.

प्रतीक्षा पाटावरून उठली. “आई, चल. ह्यांच्यात मी जन्मभर तोंड मिटून बसायची न्हाई.” दोघी मधल्या वाटेनं बाहेर गेल्या. ओटीचा नारळ ताटातच राहिला.

अक्कानं पाटावर ठेवलेला माइक दाजींनी उचलला. “गंमत वो, गंमत!” म्हणाले आणि हसले. कुणीच साथ दिली नाही. ते मात्र हसतच राहिले. एकट्या माणसाचं ते खोटं हसणं कर्ण्यातून पार मागं आचाऱ्यांपर्यंत गेलं. ऐकताना किळस येत होती.

एक आचारी हातात झारा घेऊन धावत आला. “काय झालं वो? कोण पडलं का काय?”

मी म्हटलं, “आमचं दाजी.”