प्रिय ‘धूर येतो’

एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी गावातल्या दोनशे चौदा माणसांना एका दमात मेसेज पाठवला. एका निवृत्त कारकुनांना मिळालेला मेसेज असा सुरू होत होता: ‘प्रिय धूर येतो, तुमचं विजेचं बिल चाळीस टक्क्यांनी कमी करायचंय का?’ शिवणकाम करणाऱ्या ताईंना गेला तो ‘प्रिय झटका बसतो’. आणि शाळेत तीन वर्षं ज्यांनी मला गणित शिकवायचा प्रयत्न केला त्या बाईंना, ‘प्रिय फिरतो पण वारा नाही’.

विनोद करायचा माझा इरादा नव्हता. माणसाला नावानं हाक मारली की तो पटकन खरेदी करतो, असं मला शिकवण्यात आलं होतं, आणि त्या शिकवणीचे मी पैसे मोजले होते.

नावांचा घोळ झाला तो मामाच्या चिठ्ठ्यांमुळे. म्हणजे माझ्यामुळेच, पण सुरुवातीलाच सगळं अंगावर घ्यायची मला सवय नाही. मामा पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतो. दुकान एवढंसं, की तिसरा माणूस आत आला की पहिल्याला बाहेर पडावं लागतं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूला तो पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्यानं बांधतो. एका बाजूला गिऱ्हाइकाचा फोन नंबर, दुसऱ्या बाजूला तक्रार. नाव कुठेच नाही. नाव थोडंच दुरुस्त करायचंय, असं त्याचं म्हणणं.

पदवी घेऊन मी घरी बसलो तेव्हा, बसायचंच आहे तर माझ्या भावाच्या दुकानात जाऊन बस, असं आईनं सुचवलं. तिथे बसून मी खोक्यात साठलेल्या जुन्या चिठ्ठ्यांवरचेही सगळे नंबर फोनमध्ये भरले आणि फोननं नाव विचारलं तिथे मुकाट्यानं तक्रार लिहिली. महिन्याभरात माझ्याकडे गावातली सगळ्यात मोठी यादी तयार झाली. फक्त तिच्यात माणूस एकही नव्हता.

त्याच सुमारास मला अ‍ॅफिलिएट मार्केटिंगचा शोध लागला. मामाला मी ते मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. कंपनी आपल्याला एक लिंक देते, त्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की आपल्याला वाटा मिळतो. माल भरायला नको, दुकान नको, काही नको. मामा तेव्हा एका फिरत्या पंख्याला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावून बसला होता. बेअरिंग गेलंय की नाही हे तो असंच ऐकतो, छाती तपासणाऱ्या डॉक्टरसारखं. ऐकून झाल्यावर म्हणाला, ‘मग हे मी वीस वर्षं करतोय की.’

आणि ते खरं होतं. एखाद्या मिक्सरची मोटर पार जळाली की तो गिऱ्हाइकाला सांगायचा, आता नवीन घ्या, अमुक घ्या, मी तो आतून पाहिलाय. कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलात तर मला थोडं कमिशन मिळतं, चौकातून घेतलात तर मिळत नाही. वस्तू तीच, भाव तोच, तुम्ही ठरवा. हे ऐकताना मलाच कानकोंडं व्हायचं. कमिशन घ्यावं तर गुपचूप घ्यावं, ते कुणी तोंडानं बोलून दाखवतं का? गंमत म्हणजे गिऱ्हाईक हमखास कोपऱ्यावरच जायचं. असं का होतं याचा मी विचार केला नाही, कारण विचार करायला तेव्हा मी एक गुरू लावला होता.

गुरू मला फक्त व्हिडिओत भेटला. त्याच्या मागे कायम एक लांबलचक गाडी उभी असे. ती कधी चालताना दिसली नाही, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. मुलाखतीसाठी नवे बूट घे म्हणून आईनं दिलेले पैसे मी त्याच्या तीन दिवसांच्या शिकवणीला भरले. तिचं सार एका वाक्यात मावणारं होतं: ज्या वस्तूवर वाटा जास्त, तीच विकायची. सगळ्यात जास्त वाटा होता वीज वाचवणाऱ्या एका हिरव्या डबीवर. प्लगमध्ये खोचायची, की बिल उतरलं. ती डबी मी पाहिली नव्हती, हातात धरली नव्हती. फोटो मात्र छान होता. मग मी मेसेज लिहिला, लिंक लावली आणि वजन यावं म्हणून खाली मामाच्या दुकानाचं नाव टाकलं. मामाला विचारलं नाही. तो एका इस्त्रीत गढला होता, उगाच त्रास कशाला द्या.

अकरा डब्या खपल्या. माझ्या खात्याच्या पानावर हिरव्या आकड्यांत कमाई झळकू लागली. गणिताच्या बाईंनीसुद्धा एक डबी घेतली आणि ती हातात आल्यावर मला लिहिलं, एका डबीनं चाळीस टक्के वाचतात, तर तीन लावल्यावर वीज कंपनी मला पैसे देईल का? मी लगेच उत्तर दिलं: तीन घेतल्यास घरपोच मोफत.

दोनेक आठवड्यांनी ते कारकून दुकानाच्या दारात उभे राहिले. ‘मी धूर येतो,’ त्यांनी ओळख करून दिली आणि डबी टेबलावर ठेवली. मीटर होतं तसंच पळतंय, म्हणाले. मामाला काही कळेना. त्यांनी आपला फोन पुढे केला. मामानं मेसेज वाचला, मग खालचं नाव वाचलं, मग पुन्हा वरून वाचायला सुरुवात केली.

मला वाटलं, आता मामा ओरडणार. त्यानं स्क्रूड्रायव्हर उचलला आणि डबी खोलली. आत एक मिणमिणता हिरवा दिवा, नखाएवढा कंडेन्सर आणि सिमेंटचा एक गोळा. गोळा वजनासाठी होता. ‘म्हणजे तुम्ही दोघांनी वजनासाठी काहीतरी घातलंय,’ मामा माझ्याकडे न बघता म्हणाला. ‘त्यांनी सिमेंट, तू माझं नाव.’

डबी घेणाऱ्यांत बाईही आहेत हे माझ्याकडून कळल्यावर त्यानं त्यांना स्वतः फोन लावला. मी शेजारीच होतो, त्यामुळे ऐकायला आलं. बाई रागावल्या नव्हत्या. ‘गणित मी नंतर केलं,’ त्या म्हणाल्या. ‘खाली तुमचं नाव होतं ना, आधी करावंसं वाटलंच नाही.’

त्या दिवशी मामानं एकही पंखा खोलला नाही. दुपारी एक गिऱ्हाईक कुठला मिक्सर घेऊ विचारायला आलं, तर म्हणाला, दोन दुकानं फिरा, चौकशी करा. असं उत्तर मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

इतकं झाल्यावर मी शहाणा झालो असेन, असं कुणाला वाटेल. मी दुसऱ्या दिवशी मामाकडे उसने पैसे मागितले. कमाई काढून घ्यायची तर कंपनीला आधी खातं तपासण्याचं शुल्क भरायचं होतं, आणि त्या कमाईतून अकरा जणांचे पैसे परत करायचे, असा माझा उदात्त बेत होता. मामानं पक्कड खाली ठेवली.

‘मी पंखा दुरुस्त केला, मजुरी मागितली. गिऱ्हाईक म्हणालं, आधी तू मला थोडे दे, मग तुझी मजुरी देतो. मी काय करीन?’

‘पंखा सोडून आधी त्या गिऱ्हाइकालाच खोलून बघशील.’

‘मग खोल की.’

खोलायचं म्हणजे काय, तर विचारायचं. गुरूच्या शिष्यांच्या गटात मी विचारलं, कमाई प्रत्यक्ष कुणाच्या हातात पडली आहे का? एका मिनिटात मला गटातून काढून टाकलं. त्या मिनिटात एकानं मला वेगळा मेसेज करून कळवलं, की त्यानं शुल्क दोनदा भरलंय आणि आता तिसरं मागताहेत. मामाला हे सांगितलं तर त्यानं एवढंच विचारलं, की गुरूनं स्वतः किती डब्या विकल्या? एकही नाही, तो फक्त शिकवतो. ‘मग डबी खपली काय, पडून राहिली काय, त्याला काय फरक पडतो?’ मामा म्हणाला. ‘त्याचं गिऱ्हाईक तू होतास, भाचेबुवा.’

मग मामा सांगत गेला आणि मी त्याच्याच शब्दांत दोनशे चौदा जणांना दुसरा मेसेज लिहिला: मागचा मेसेज माझ्या भाच्यानं मला न विचारता माझं नाव लावून पाठवला. त्या डबीत काही नाही, मी खोलून पाहिली. ज्यांनी घेतली त्यांनी कळवा. ‘तांत्रिक कारणांमुळे’ असे दोन शब्द घालू का, असं मी विचारून पाहिलं. मामानं फोन माझ्याकडून घेतला आणि मेसेज होता तसा पाठवून टाकला.

पैसे परत येणार नव्हते, कंपनीनं फोन उचलणं बंद केलं होतं. मामानं ठरवलं, की अकराही घरी मी जायचं, काय झालं ते कुणी विचारायच्या आत आपण होऊन सांगायचं आणि घरातली एक वस्तू फुकट दुरुस्त करून द्यायची. मला दुरुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं महिनाभर संध्याकाळी मला शिकवलं, शुल्क न घेता. शिवणवाल्या ताईंनी इस्त्री माझ्यासमोर ठेवली आणि काम संपेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. झाल्यावर म्हणाल्या, ‘आधी तू हात लावून दाखव.’ मी लावला. झटका बसला नाही. त्या थोड्या हिरमुसल्यासारख्या दिसल्या.

आता मी पुन्हा लिंका लावतो. एकाच कंपनीच्या; ती भरायला काही मागत नाही आणि वाटा कुठल्या तारखेला देणार ते लिहून देते. तरीही तिच्याकडून खरोखर पैसे मिळालेल्या दोघांना शोधून आधी विचारलं. मामानं खोललेल्या वस्तूंबद्दलच लिहितो, आणि पहिली ओळ ठरलेली असते: इथून घेतलंत तर मला थोडं मिळतं. पहिल्या तीन महिन्यांच्या कमाईत एक बरा टेस्टर आला. बूट अजून जुनेच आहेत. मामाकडे लोक पुन्हा सल्ला विचारायला येतात, फक्त सल्ला ऐकून झाल्यावर माझ्याकडे मान वळवून विचारतात, ‘हे तुम्ही सांगताय, की हा?’

दहा घरं झाली. राहिलेली चिठ्ठी दुकानात खिळ्याला टांगलेली आहे, ‘फिरतो पण वारा नाही’. दोनदा बाईंच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. एकदा त्या बाहेर होत्या, असं मी मामाला सांगितलं. त्या अंगणातच बसल्या होत्या, म्हणजे बाहेरच की. तीन डब्यांच्या हिशोबाला मी दिलेलं उत्तर आठवलं, की पाय पुढे पडत नाही. मामा सकाळी दुकान उघडलं की तेवढी एक चिठ्ठी माझ्या खुर्चीच्या बाजूला वळवून ठेवतो आणि कामाला लागतो.