ज्योती का गेली

आजारी माणसांच्या घरी देखभालीसाठी बाया पाठवायच्या, हा धुळ्यातल्या चारुलताबाईंचा व्यवसाय. नऊ वर्षांत त्यांनी कितीतरी बाया शिकवून तयार केल्या आणि बहुतेक सोडून गेल्या. शिरपूरकडची ज्योती मात्र चार वर्षं टिकली होती. मागच्या महिन्यात तीही म्हणाली, "ताई, उद्यापासून मी येणार नाही."

"पगार वाढवू का?"

"पगार बरा शे, ताई. पन त्या घरमा मन लागत नई. तुमले सांगेल व्हतं मी."

तिनं सांगितलं होतं खरं. "घे गं सांभाळून," एवढं बोलून चारुलताबाईंनी तेव्हा विषय मिटवला होता.

दुसरी बाई मिळेना, म्हणून ज्योती ज्यांची देखभाल करायची, त्या लकवा झालेल्या आजींकडे चारुलताबाई स्वतःच गेल्या. घरच्या सुनेनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आजींचं अंग पुसलं, पेज भरवली. दुपारी सून म्हणाली, "बाईचं ताट मागच्या ओट्यावर, मोरीजवळ ठेवलंय. तिथंच जेवायचं, आत आणायचं नाही."

चारुलताबाईंनी ताट तसंच झाकून ठेवलं. संध्याकाळी निघताना त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "यापुढे माझी बाई घरात बसून जेवेल."

"मग आम्ही दुसरीकडे बघतो," सून म्हणाली.

त्यांनी ज्योतीला फोन करून चूक कबूल केली. पण एव्हाना तिला सुरतेच्या दवाखान्यात काम लागलं होतं.

आजींना आता कोण भरवतं, हे विचारायचं धाडस चारुलताबाईंना अजून झालेलं नाही.